पाण्याचं काय ते सांगा

मी वास्तुरचनाकार; दारूवरून भांडण होणार या तयारीनं गेले होते. गावोगावच्या बायका मतदान करून बाटली आडवी करतात; तेव्हा पवनानगरजवळच्या वाडीत बिअरचा छोटा कारखाना म्हटल्यावर कुणीतरी अंगावर येणारच. पण दारूचं नावही कुणी काढलं नाही. शेजारचे आजोबा माझे नकाशे न बघताच म्हणाले, "ताई, ते ऱ्हाऊ द्या. पाण्याचं काय ते सांगा."

पुण्यात 2009 साली डूलाली हा बिअरचा छोटा कारखाना सुरू झाल्यापासून ताजी बिअर बनवायचं स्वप्न बऱ्याच जणांना पडतं, तसं आमच्या मालकांनाही पडलं होतं. त्यांनी घेतलेलं घर कौलारू, सागाच्या खांबांचं. मी भाळले ती गोठ्यावर. दगडी फरशीला आधीच उतार, कडेला मूत वाहून जायची नाली. बिअरच्या कामात निम्मा वेळ धुण्यातच जातो, त्यामुळे अशी जमीन आयतीच मिळालेली. टाक्या तिथे ठेवायच्या, उकळीची वाफ वाशांना न लागता थेट बाहेर काढायची. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, आणि गोठा ओटीपेक्षा दोन पायऱ्या खाली. म्हणून झरोके जमिनीलगत. उरलेला जवाचा चोथा शेजारच्या म्हशींना. सगळं चपखल बसत होतं.

फक्त पाणी बसत नव्हतं. लहान कारखान्यात लिटरभर बिअरमागे सहा-सात लिटर सहज जातं. मी तो आकडा सांगितला. लपवायला हवा होता, असं मालक नंतर म्हणाले. आजोबांची जमीन पवना धरणात गेलेली. त्याच पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, तेव्हा 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. एक बाई होती त्यात. हे मला पेपरातून ठाऊक होतं. आजोबा त्या दिवशी तिथे होते. त्यांच्यापुढे मी पावसाचं पाणी साठवायच्या टाकीचा नकाशा उलगडत होते.

तेव्हा मला त्यांचंच बरोबर वाटलं. आता तितकंसं वाटत नाही. धरणाच्या तळ्याभोवती इतके बंगले उठले, प्रत्येकाला पोहायचा हौद. त्यांना कुणी विचारलं? विचारायला गेलं की प्रश्न येतात, गुपचूप बांधलं की येत नाहीत. नव्या वास्तुरचनाकारांना मी तरीही सांगते, आधी जाऊन विचारा. का सांगते, कोण जाणे.

कारखाना बारगळला. मालकांनी घर विकलं. नव्या माणसानं गोठा पाडून तिथे हौदच बांधला, दहा मीटर लांब, चार रुंद. एकदा भरायला पन्नास हजार लिटर तरी लागत असतील. हजार लिटरच्या सात घाण्या निघाल्या असत्या त्यात. आजोबांचा नातू तिथेच कामाला आहे. पगार वेळेवर मिळतो म्हणे.