वार्षिक शुल्क आणि सुज्ञ माणूस

केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २१ वा नियम सांगतो की, सामान्य सुज्ञ माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जितका दक्ष असतो, तितकीच दक्षता अधिकाऱ्याने सार्वजनिक पैसा खर्चताना बाळगावी. आपण स्वतःचा पैसा सुज्ञपणे खर्च करतो, हे या नियमाने गृहीत धरले आहे. ते गृहीतक तपासून पाहण्याचा प्रसंग मध्यंतरी झाशीत आला.

झाशीच्या जुन्या तटबंदीला जे दरवाजे आहेत, त्यांपैकी लक्ष्मी गेट हा लक्ष्मी तलावाकडे आणि नेवाळकरांच्या महालक्ष्मी मंदिराकडे जाणारा. त्या परिसरात आमचे एक तरुण सहकारी राहतात. घराणे मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथेच स्थिरावलेले. एका बँकेने त्यांना विमान कंपनीशी संलग्न असे उच्च श्रेणीचे क्रेडिट कार्ड देऊ केले होते. वार्षिक शुल्क १०,००० रुपये. "सर, शुल्काच्या दुप्पट किमतीचे बिझनेस क्लासचे तिकीटच फुकट मिळते आहे. मग घ्यायला हरकत काय?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. आम्ही कागद-पेन घेऊन बसलो.

शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला, की खरी रक्कम ११,८०० रुपये होते. आता जमेची बाजू. तिकिटाची छापील किंमत काहीही असो, मी म्हटले, "तुम्ही स्वतःच्या खिशातून बिझनेस क्लासचे तिकीट कधी काढले असते का?" उत्तर 'नाही' असे आले. म्हणजे त्या तिकिटामुळे वाचणार होते ते साध्या वर्गाचे भाडे, आम्ही ते ६,००० रुपये धरले. विमानतळावरील विश्रामकक्षाचा वर्षातून चार वेळा लाभ होईल. बाहेर चहा-फराळावर एका वेळी ३०० रुपये गेले असते, म्हणून ती बचत १,२०० रुपयांची. राहिले खरेदीवरचे गुण. पण बिनशुल्काच्या कार्डावरही काही परतावा मिळतोच, तेव्हा मोजायचा तो केवळ फरक. तो २,००० रुपयांपलीकडे जाईना. एकूण बेरीज ९,२०० रुपये झाली. एखादे बिल थकले तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, ते आम्ही हिशेबात धरलेच नव्हते.

भूगोलही विचारात घ्यावा लागतो. झाशीत प्रवासी विमानतळ नाही. ग्वाल्हेरला जायचे तर सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता आणि टॅक्सीचे भाडे. उलट मुंबईला जाणारी पंजाब मेल, पुण्याला जाणारी झेलम एक्सप्रेस आणि दिल्लीसाठी शताब्दी या गाड्या झाशीच्या स्थानकावरच थांबतात. ज्याचा बहुतेक खाजगी प्रवास रेल्वेने होतो, त्याने विमानाच्या गुणांसाठी आगाऊ शुल्क भरावे, हे तर्काला धरून नाही.

"पण सर, माझे सरकारी दौरेही आहेत. त्यांचे मैल जमा होतीलच की," ते म्हणाले. खरा प्रश्न इथेच होता. सातव्या वेतन आयोगानंतर १३ जुलै २०१७ रोजी निघालेल्या प्रवासभत्त्याच्या आदेशानुसार, शासकीय प्रवासाच्या तिकिटांवर मिळालेले मैल विभागाच्या इतर शासकीय प्रवासासाठीच वापरायचे असतात. खाजगी प्रवासासाठी वापरल्यास विभागीय कारवाई होऊ शकते. कारणही उघड आहे. मैल खाजगी खात्यात जाऊ लागले, तर स्वस्त विमानाऐवजी 'आपल्या' कंपनीचे विमान निवडण्याचा आणि प्रसंगी अनावश्यक दौरा काढण्याचा मोह होईल. खर्च मंजूर करण्याचा अधिकार स्वतःच्या लाभासाठी वापरू नये, हे वित्तीय औचित्याचे तत्त्व याच मोहासाठी आहे. तेव्हा दौऱ्यांचे मैल त्यांच्या हिशेबातून वगळावे लागले.

आणखी एक बाब. साठवलेले मैल म्हणजे विमान कंपनीने दिलेले वचन, आणि त्याची किंमत ठरवणारी व बदलणारीही तीच. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिचे गुण नव्या योजनेत वर्ग झाले खरे, परंतु ज्या नावासाठी लोकांनी कार्डे घेतली होती ते नाव उरले नाही. मैल मिळतील तसे वापरावेत, त्यांना बचत समजू नये.

याचा अर्थ अशी कार्डे कोणीच घेऊ नयेत, असा नव्हे. ज्यांना व्यवसायानिमित्त स्वखर्चाने महिन्यातून दोन-तीनदा विमानाने जावे लागते आणि जे प्रत्येक बिल मुदतीत पूर्ण भरतात, त्यांना शुल्क सहज वसूल होईल. परंतु कसोटी एकच असावी: या कार्डामुळे माझा प्रत्यक्ष खर्च किती कमी होणार आहे? पत्रकात किती रुपयांचे लाभ छापले आहेत, हा प्रश्न गौण.

आमच्या सहकाऱ्यांनी कार्ड घेतले नाही. वर्षअखेरीस न खर्चलेले अनुदान संपवण्यासाठी होणारी खरेदी आम्ही कार्यालयात पाहतोच; 'मिळते आहे तर घ्या' ही वृत्ती तिथे जशी घातक, तशीच घरातही. सामान्य वित्तीय नियमांतला तो सुज्ञ माणूस आधी आपल्या घरात सापडला, तरच तो कार्यालयात दिसेल.