सहा अक्षरे आणि बसलेला आवाज

वीस-बावीस वर्षे वर्गात बोलत राहिल्यावर गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाचा आवाज बसला. स्वरतंतूंवर गाठी आल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी काही आठवडे मौन सांगितले. ज्याची उपजीविकाच शब्दांवर, त्याने करायचे काय? दुसऱ्याने त्याचे तास घेतले. घरी मात्र दोघेही गप्प राहू लागलो, कारण एकट्यानेच बोलणे निष्ठुरपणाचे वाटे. त्या शांततेत एका माजी विद्यार्थ्याने छीगोंगची चित्रफीत पाठवली.

सवयीप्रमाणे आम्ही आधी शब्दाकडे वळलो. ‘गोंग’ म्हणजे सरावाने कमावलेले कसब. ‘छी’ म्हणजे श्वास, वाफ, चैतन्य. तिच्या पारंपरिक चिनी अक्षरात खाली तांदळाचे चिन्ह आहे आणि वर वाफेचे. वहीत आम्ही ‘प्राण’ असा प्रतिशब्द लिहिला आणि खोडला. ‘प्राण’ म्हणताच आपली सारी उपनिषदे सोबत येतात. शिजत्या भाताची वाफ तेवढी मागे राहते.

‘छीगोंग’ हे नाव आजच्या अर्थाने १९५० च्या दशकात रूढ झाले. साधना मात्र फार जुनी. चीनमधील मावांगद्वे येथे १९७३ मध्ये उघडलेल्या, इ.स.पू. १६८ च्या थडग्यात एक रेशमी पट सापडला. त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या आहेत.

तिचे प्रकारही अनेक. ‘झान झ्वांग’मध्ये झाडासारखे केवळ उभे राहायचे, पाच मिनिटांत मांड्या थरथरू लागतात. ‘बादुआनजिन’ म्हणजे रेशमी किनखापाचे आठ तुकडे, अर्थात आठ सोप्या हालचाली. ‘वूछिनशी’त वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या चालीचे अनुकरण, परंपरा त्याचे श्रेय हान काळातील वैद्य ह्वा त्वो यांना देते. ‘यीजिनजिंग’ स्नायूंना ताण देते.

आम्हांला खिळवून ठेवले ते ‘ल्यूझीज्यूए’ने. यात सहा अक्षरे: शू, ख, खू, स, छ्वे, शी. श्वास सोडताना एकेक उच्चारायचे. चिनी वैद्यकानुसार ‘शू’ यकृताचे, ‘स’ फुप्फुसांचे. या नात्याची खात्री आम्ही कशी द्यावी? पण मौनाच्या दिवसांत आम्ही ओठांचा नुसता आकार करून, नाद न काढता, गच्चीवर ही अक्षरे श्वासाने म्हणत होतो. कित्येक दिवसांनी आम्ही दोघे एकत्र काही ‘म्हणत’ होतो.

लाभांविषयी अतिशयोक्ती नको. वयस्कांचा तोल सुधारणे, सांध्यांचा ताठरपणा कमी होणे, मन निवळणे, काहींचा रक्तदाब थोडा उतरणे, असे अभ्यासांतून दिसले आहे. पण त्यांतील बरेच अभ्यास लहान आहेत. औषधोपचारांची जागा छीगोंग घेत नाही. आवाज परतला तो विश्रांतीने आणि वाक्-उपचाराने.

मग या साधनेने दिले काय? श्वासाला आम्ही आजवर बोलण्याचे इंधन समजत आलो होतो. वाक्य संपेपर्यंत तो ताणायचा, पुढच्या वाक्यासाठी घाईने भरायचा. परतल्यावर पहिल्याच तासाला कविता वाचताना आवाज चिरकला. पूर्वी खाकरून रेटले असते. आता तो थांबला, श्वास पुरा सोडला. वर्गही थांबला. कवितेतली ती ओळ मुलांनी बहुधा प्रथमच स्वतःच्या मनात वाचली असावी. इतकी वर्षे तेवढी जागा आम्ही त्यांना दिलीच नव्हती.