तक्ता ऐकताना

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब माझ्याकडे असतो. कमिटीतल्या सगळ्यांना तो केव्हाही उघडता यावा म्हणून गूगल शीट्समध्ये ठेवलेला. मला दिसत नाही. एनव्हीडीए पडद्यावरचं बोलून दाखवतो आणि मी ऐकतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि तो मोफत ठेवला. माझ्यासारख्या कितीतरी जणांचं काम त्यामुळेच सुरू झालं.

डोळस माणसाला अख्खा तक्ता एका नजरेत दिसतो. कानाला एका वेळी एकच खाना मिळतो: "२५००, सी १४". हे अडीच हजार कुणाचे, कुठल्या महिन्याचे, ते मनातल्या नकाशावरून ओळखायचं. म्हणून नवी शीट आली की मी आधी आकड्यांकडे जातच नाही. कंट्रोल-होम दाबून ए १ गाठतो, पहिली ओळ शेवटपर्यंत ऐकतो, मग कंट्रोल आणि खालचा बाण. तो मध्येच थांबला, तर पुढचा खाना कुणीतरी रिकामा सोडलाय.

नवशिके अडतात ते याच्याही आधी. शीट्समधले खाने वेबपानावरच्या साध्या तक्त्यासारखे नसतात, कॅनव्हासवर रंगवलेले असतात, त्यामुळे एनव्हीडीएच्या ब्राउज मोडमध्ये, म्हणजे वेबपान वाचायच्या पद्धतीत, ते सापडतच नाहीत. इन्सर्ट-स्पेसने फोकस मोडमध्ये यायचं, म्हणजे कळा थेट शीट्सकडे जातात, कंट्रोल-ऑल्ट-झेडने शीट्सचा स्क्रीन रीडर सपोर्ट चालू करायचा; मग शीट्सच प्रत्येक खाना एनव्हीडीएला सांगू लागतं. मेनूत चाचपडायचं कारण नाही. ऑल्ट-स्लॅश दाबून हव्या कामाचं नाव टाइप केलं की झालं. एवढं कुणी न सांगितल्यामुळे हुशार मुलं 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकीची अडचण तक्ता मांडणाऱ्याच्या हातात असते. थकबाकीदारांच्या ओळी पिवळ्या करायची पद्धत सगळीकडे आहे, पण खाना वाचताना त्याचा रंग ऐकू येत नाही. मी 'स्थिती' असा रकाना घातला: भरले, बाकी, अर्धवट. आता फिल्टर लावला की बाकीदार सगळ्यांनाच चटकन मिळतात. फ्लॅटच्या नावांचाही गोंधळ व्हायचा: आमच्याकडे बी विंग आहे. 'बी १२' ऐकलं की हा फ्लॅट की खान्याचा पत्ता, ते कळेना. म्हणून फ्लॅट 'बी विंग १२' असा पूर्ण लिहितो.

मर्ज केलेले खाने मात्र मी हट्टाने काढायला लावतो. 'एप्रिल ते जून' हे तीन रकान्यांवर पसरलेलं शीर्षक दिसायला सुबक असेल, पण त्याखालचा मे कुठला आणि जून कुठला, हे कानाला कळत नाही. प्रत्येक महिन्याला त्याचा रकाना आणि त्याचं नाव द्या. सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, आर्थिक वर्ष हे सगळं फाइलच्या नावात किंवा वेगळ्या टॅबवर जाऊ दे. पहिली ओळ रकान्यांच्या नावांसाठीच राखा.