तीन दिवस थांबा

पन्हाळ्याच्या उतारावरच्या वाड्यांत पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंशाची खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या मिटायला लागतात, मग श्वासच अडतो. खाली कोल्हापूर वीसेक किलोमीटरवर. मेंदूला मात्र प्राणवायूविना चार-पाच मिनिटंही फार होतात. सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, असा रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न, "साहेब, शुद्धीवर येईल न्हवं?"

डॉक्टरचं कसब हे उत्तर लांबवण्यात असतं.

तो बॅटरीचा उजेड डोळ्यात टाकतो. बाहुल्या मोठ्या, हलत नाहीत. बुबुळाला कापसाचं टोक टेकवतो, नखावर पेन दाबतो. कशालाच दाद नाही. १९८५ साली लेव्ही आणि सहकाऱ्यांनी प्राणवायू तुटून बेशुद्ध पडलेल्या २१० रुग्णांचा अभ्यास छापला. पहिल्या तपासणीत ५२ जणांच्या बाहुल्या उजेडाला दाद देत नव्हत्या; त्यांतला एकही पुढे स्वतःचं स्वतः करण्याजोगा झाला नाही. मग निकाल लागलाच की! पण मण्यारीच्या विषाने बाहुल्यांचे स्नायूही लुळे पडतात. आत माणूस जागा असू शकतो, खाटेशेजारी चाललेली त्याच्या मरणाची चर्चा ऐकत.

गुंगीची औषधंही असाच चकवा देतात. म्हणून २०२१च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णासाठी किमान ७२ तास थांबायला सांगतात, आणि एका खुणेवर विसंबू देत नाहीत. बाहुल्या, मेंदूचा विद्युत आलेख, मनगटाच्या नसेला दिलेला झटका मेंदूपर्यंत पोचतो का, स्कॅन: यांतल्या किमान दोन गोष्टींनी एकच सांगायला हवं. घाईचं भाकीत खोटं पाडायला कुणी उरतही नाही. "आशा नाही" म्हटलं, की खर्चाने वाकलेले घरचे रुग्णाला घरी नेतात. तो जातो, आणि डॉक्टर बरोबर ठरतो.

उलटी बाजूही आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचा गळा २७ नोव्हेंबर १९७३ला कुत्र्याच्या साखळीने आवळला गेला. त्या जगल्या, १८ मे २०१५पर्यंत. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी त्यांना तपासलं. त्या मेंदूमृत नव्हत्या, पण भानावरही नव्हत्या. केईएमच्या परिचारिकांनीच त्यांना इतकी वर्षं सांभाळलं.

"जगंल का?" आणि "आमाला वळखंल का?" हे दोन प्रश्न नातेवाईक एका दमात विचारतात. जाणता डॉक्टर तिसऱ्या दिवसानंतर त्यांना बसवून घेतो आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी देतो.