पाय टेकणारी गाडी

डिसेंबर महिन्यात शिरोळ तालुक्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. चौदा किलोमीटरवरील गावातली माध्यमिक शाळा पाचला सुटते, परतीची एस.टी. पावणेसहाला येते आणि घर गाठेपर्यंत साडेसहा वाजतात. रात्रिभोजनत्यागाचा नियम लहानपणापासून पाळणाऱ्या एका शिक्षिकेच्या दृष्टीने या वेळापत्रकाचा अर्थ सरळ होता. दुपारच्या सुट्टीत खाल्लेल्या डब्यावर दुसऱ्या दिवसाची सकाळ गाठायची. दोन हिवाळे तिने असेच काढले. तिसऱ्या वर्षी पर्युषण संपल्यावर तिने मोटारसायकलचा विषय काढला आणि घर एकदम गप्प झाले.

त्याला कारणही तसेच होते. चार वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने, नोकरी लागल्या लागल्या, कर्ज काढून साडेतीनशे सीसीची गाडी घेतली होती. आठव्या दिवशी ती त्याच्या अंगावर पडली. भरधाव असताना नव्हे, तर पेट्रोल पंपाबाहेरच्या उतारावर उभी असताना. डावा पाय टेकायला गेला तिथे खड्डा होता. पायाला जमीन सापडली नाही आणि गाडी कलली ती कललीच. मांडीच्या हाडाला प्लेट बसवावी लागली. गाडी विकून टाकली, पण कर्जाचे हप्ते पुढे कितीतरी महिने चालू राहिले. त्या दिवसापासून आईने मोटारसायकल हा शब्दच घरात वर्ज्य केला होता.

नातेवाइकांनी दोष वेगाला दिला. तरुण मुलगा आणि मोठी गाडी म्हटले की वेग गृहीतच धरला जातो. आण्णांना मात्र तो उतार आठवत होता. पडली ती थांबलेली गाडी होती. नवशिक्याची खरी कसोटी गाडी चालताना लागत नाही, ती थांबताना, वळवताना, मागे ढकलताना लागते, ही गोष्ट त्यांच्या मनात चार वर्षे घोळत होती. फक्त बोलण्याचा प्रसंग आला नव्हता.

‘‘स्कूटर घे की,’’ आई अखेर म्हणाली. सूचना चुकीची नव्हती. गावात फिरायला बिनगिअरची स्कूटर सोयीची असते. परंतु तिची चाके बहुधा दहा-बारा इंचांची, आणि हा रस्ता उसाचा. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यात चाकोऱ्या पाडतात, ऊस सांडतो, काळ्या मातीचे गोळे डांबरावर चिकटून राहतात. अशा जागी मोटारसायकलचे अठरा इंची चाक जितक्या सहजतेने जाते, तितके लहान चाक जात नाही.

दुकानातील विक्रेत्याने दीडशे सीसीपासून सुरुवात केली. ‘‘मॅडम, नंतर पश्चात्ताप नको,’’ हे या धंद्यातील ठरलेले वाक्य त्यानेही उच्चारले. आण्णांनी अ‍ॅव्हरेज विचारले नाही, हप्ताही विचारला नाही. गाडी स्टँडवरून उतरवून मुलीच्या हाती द्यावी आणि तिने ती दहा पावले मागे नेऊन पुन्हा स्टँडवर लावावी, एवढेच त्यांनी सांगितले. तिची उंची पाच फूट एक इंच. दीडशेची गाडी तिने नेली खरी, पण ओठ दाताखाली धरून. मग स्प्लेंडर आली. ९७.२ सीसी, वजन ११२ किलो, आसनाची उंची ७८५ मिलिमीटर. साडेतीनशे सीसीच्या गाड्या १८० ते २०० किलोच्या असतात. आसनाच्या उंचीतला फरक मात्र कित्येकदा दोनतीन सेंटीमीटरचाच. म्हणजे बसून पाहिले तर दोन्ही सारख्याच वाटतात, आणि कलू लागल्यावर एका प्रौढ माणसाइतके जास्तीचे वजन हातावर येते. दोन्ही पायांचे चवडे फरशीवर पक्के टेकले, तेव्हा आण्णांनी प्रथमच खुर्चीला पाठ टेकली.

गरजेहून मोठे इंजिन हाही परिग्रहच, असे एखादा म्हणेल. पण इथे व्रताआधी साधा हिशेबच तेच सांगत होता. रोजचे अठ्ठावीस किलोमीटर, बरोबर एक दप्तर आणि एक डबा.

शिकताना गाडी पडणारच, म्हणून जुनी घ्यावी, हा सल्ला व्यवहार्य असतो. एक जुनी गाडी पाहिलीही होती. तिच्या नोंदणीपत्रावर अद्याप एका बँकेचे नाव होते. ‘‘कर्ज कधीच फिटलंय,’’ मालक म्हणाला. कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सांगण्यात बँकेच्या माणसांची हयात जाते! बँकेच्या पत्रासह पस्तीस नंबरचा फॉर्म परिवहन कार्यालयात जाईपर्यंत ते नाव तसेच राहते. मालकाला तेवढा धीर नव्हता. शेवटी नवीच घेतली. चामड्याचे नकोत म्हणून कापडी हातमोजे शोधण्यात आणखी एक दुपार गेली.

शिकाऊ परवान्यानंतर किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ते तीस दिवस आण्णा रोज पहाटे तिच्याबरोबर आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानावर जात. पहिला आठवडा नुसता क्लच सोडण्यात आणि थांबण्यात गेला. तिची नजर सारखी पुढच्या चाकावर जाई. ईर्यासमिती पाळणारे मुनिराज चार हात जमीन न्याहाळीत पाऊल टाकतात. तेच बघणे तिच्या अंगात मुरले होते. ताशी चाळीसच्या वेगात मात्र सेकंदाला अकरा मीटर मागे पडतात. ‘‘अगं, चार हात पायी चालणाऱ्याचे,’’ आण्णा म्हणत, ‘‘तू लांब बघ.’’ दोन वेळा गाडी पडली, दोन्ही वेळा थांबताना. दोन्ही वेळा तिने ती एकटीने उभी केली. दुसऱ्या वेळी भाऊ मैदानाच्या कडेला उभा होता. तो काही बोलला नाही, फक्त वाकडा झालेला आरसा सरळ करून गेला.

दिवाळीनंतर ती रस्त्यावर आली. पाच चाळीसपर्यंत घरी, हात-पाय धुऊन ताटावर, असा क्रम बसला. आई पाचपासूनच दारात असे.

डिसेंबरात एके दिवशी उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली. बाजूच्या साइडपट्टीवरून दोघे-तिघे मोटारसायकलस्वार निसटले. तिने गाडी बंद केली, दोन्ही पाय टेकले आणि वाट मोकळी होईपर्यंत थांबली. घरी पोहोचली तेव्हा अंधार पडला होता. आईने झाकून ठेवलेले ताट मुकाट्याने आत नेले. आण्णांनी हेल्मेटची काच ओल्या फडक्याने पुसून ते खुंटीला अडकवले, आणि सकाळी नाश्त्याला काय करायचे, एवढेच आईला विचारले.