राक्षसगण ते आयएनटीजे

माणसं ओळखायची आमच्या घरातली पहिली पद्धत गणाची. आत्याने भांडी जरा जोरात आपटली की आजी म्हणायची, "राक्षसगण आहे तिचा, चालायचंच." पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी सहा गुण या गणाचे असतात हे मला फार पुढे, माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा कळलं. लहानपणी एवढंच माहीत होतं की देव, मनुष्य आणि राक्षस या तीन खणांत सगळे नातेवाईक बसतात. दहा माणसांचा स्वयंपाक आत्या एकटी करायची, ही नोंद मात्र पत्रिकेत नव्हती.

1988 मध्ये बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं आणि आजीला टीव्हीवरची माणसंही मिळाली. रविवारी सकाळी शेजारपाजारचे आमच्याकडे जमत. कर्ण आला की सगळे हळहळायचे, कारण तो दानशूर, शापित, आईने टाकलेला. आजी एकटी त्याला सूट देत नसे. "दान देतो ते खरं. पण भरल्या सभेत त्या बाईबद्दल काय बोलला, ते कुणी सांगितलं होतं त्याला?" एरवी प्रत्येकाचा गण काढणाऱ्या आजीने कर्णाचा गण कधी विचारला नाही, याचं मला आज नवल वाटतं.

वसतिगृहात लिंडा गुडमनचं 'सन साइन्स' फिरत होतं. मुखपृष्ठ निघालेलं, वृश्चिकेच्या पानांवर चहाचे डाग. आपली रास वाचून प्रत्येकीला वाटायचं, अगदी मीच! त्याच वर्षी मानसशास्त्राच्या तासाला बर्ट्रम फोररचा प्रयोग शिकवला. 1948 साली त्याने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एक कागद दिला. तो किती जुळतो याला गुण द्या म्हणाला. पाचपैकी सरासरी 4.26 गुण पडले. कागद सगळ्यांना एकच दिलेला होता, आणि मजकूर ज्योतिषाच्या स्वस्त पुस्तकातून उचललेला. तास संपल्यावर आम्ही खोलीवर गेलो आणि पुन्हा गुडमनबाई वाचायला घेतल्या. आवड अशी सहजी सुटत नाही.

नोकरीत खण वाढून सोळा झाले. प्रशिक्षणाला आलेल्या बाईंनी मायर्स-ब्रिग्जची प्रश्नावली भरून घेतली आणि छातीवर चार अक्षरांचे बिल्ले लावले. दुपारपर्यंत हिशेब विभागातला एक गृहस्थ उशिरा येण्याचं कारण म्हणून ती अक्षरं सांगू लागला होता. आत्याची आठवण झाली. या प्रश्नावलीची जन्मकथा मला फार आवडते. कॅथरिन ब्रिग्ज यांना होणारा जावई घरच्यांपेक्षा इतका वेगळा दिसला की त्यांनी स्वभावांचा अभ्यासच सुरू केला. पुढे मानसशास्त्रज्ञ युंगचं स्वभावप्रकारांवरचं 1921 चं पुस्तक इंग्रजीत आलं, त्याचा आधार त्यांनी घेतला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुलगी इझाबेल मायर्स हिने त्यातून प्रश्नावली घडवली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राची रीतसर पदवी घेतलेली नव्हती. इझाबेलने त्याआधी एक रहस्यकादंबरी मात्र लिहिली होती. काल्पनिक पात्रांना ही अक्षरं चिकटवण्याचा नाद लोकांना लागला, यात मग आश्चर्य कसलं?

मला तो नाद भाचीने लावला. 'ब्रेकिंग बॅड' ही मालिका आम्ही दोघींनी मिळून पाहिली. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीमधला वॉल्टर व्हाइट हा शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा, संध्याकाळी गाड्या धुण्याच्या ठिकाणी काम करणारा, पन्नाशीचा माणूस. फुप्फुसाचा कर्करोग निघतो आणि कुटुंबासाठी पैसा मागे ठेवायचा म्हणून तो मेथ हा अमली पदार्थ बनवू लागतो. भाचीने दुसऱ्याच भागात निकाल दिला, "मावशी, हा आयएनटीजे." म्हणजे अंतर्मुख, दूरचं पाहणारा, तर्काने चालणारा, आखून घेऊन वागणारा. बहुतेक लोक त्याला हीच अक्षरं देतात, आणि ती जुळतातही. तिसऱ्या सीझनमध्ये एका माशीवर अख्खा भाग आहे. प्रयोगशाळेत एक माशी शिरते, आणि माल दूषित होईल म्हणून हा बुद्धिमान माणूस काम थांबवून रात्रभर तिच्यामागे धावतो, कठड्यावरून खाली पडतो. इतका काटेकोरपणा त्या चार अक्षरांत छान बसतो.

पण ती अक्षरं पहिल्या भागातल्या मास्तरलाही तशीच बसतात आणि शेवटच्या भागातल्या गुन्हेगारालाही. मधे 62 भागांत माणूस कुठून कुठे गेला, आणि अक्षर एकही बदललं नाही! असा चिकाटीचा आणि आखीव माणूस आयुष्यभर इमानदारीने प्रयोगवह्याही तपासू शकतो. तो काम कसं करील ते अक्षरं सांगतात. कोणतं करील याबद्दल ती गप्प.

भाची हार मानणारी नाही. तिने एनिअग्राम काढला. त्यात नऊ प्रकार, आणि प्रत्येकाच्या मुळाशी एक विकार. मला ही पद्धत जरा बरी वाटते, कारण माणूस स्वतःशी काय खोटं बोलतो ते ती निदान विचारते. तिच्या मते वॉल्टर सुरुवातीला पाच नंबरचा, ज्ञान साठवून अंग चोरून जगणारा. पुढे तो आठ नंबरचा होतो, सत्ता गाजवणारा. "आणि मावशी, गंमत बघ. पाचाने आठाकडे जाणं ही या पद्धतीत प्रगती समजतात." आम्ही दोघी हसलो. खरंच, भित्रा मास्तर ठाम बोलू लागतो, ताठ चालू लागतो. कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिराने त्याला शाबासकी दिली असती. फक्त त्या ठामपणाखाली माणसं मरत जातात.

दुसऱ्या सीझनमधला जेनचा प्रसंग मी पुन्हा लावून पाहिला आहे. जेन ही त्याचा साथीदार जेसी याची मैत्रीण. ती नशेत उताणी पडलेली, उलटीने गुदमरते आहे. वॉल्टर तिला कुशीवर वळवायला पुढे होतो आणि थांबतो. तिने त्याला पैशांवरून धमकावलेलं असतं. तो उभा राहून पाहतो, तोंडावर हात ठेवतो, डोळ्यांत पाणी येतं, पण पुढचं पाऊल टाकत नाही. तिला गुदमरताना पाहून तो हलला, हेही खरं आणि त्याने तिला मरू दिलं, हेही खरं. नऊ घ्या, सोळा घ्या, त्या थांबण्याला खण नाही. मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांना किळस यावी आणि तरी कणव वाटावी असाच नट हवा होता. वॉल्टर झालेल्या ब्रायन क्रॅन्स्टनला त्यांनी 'द एक्स-फाइल्स'च्या एका भागात हे साधताना पाहिलं होतं.

वॉल्टरचा खरा उलगडा मला याच्याही आधी, पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात सापडतो. श्रीमंत झालेल्या जुन्या भागीदाराच्या, एलियटच्या वाढदिवसाला तो जातो. ज्या कंपनीतला आपला हिस्सा त्याने कधीकाळी पाच हजार डॉलरला विकला, तिच्या जोरावर एलियट गडगंज झालेला. लोकांनी भारी भारी वस्तू आणलेल्या, याने नूडल्सचं साधं पाकीट, कारण विद्यार्थिदशेत दोघे तेच खाऊन राहिले होते. एलियट पाकीट पाहून गहिवरतो आणि नंतर नोकरी देऊ करतो, उपचारांच्या खर्चासकट. वॉल्टरला पैसाच हवा असता तर गोष्ट तिथे संपली असती. तो नाही म्हणतो, आणि त्याच भागाच्या शेवटी जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो. हे कुटुंबासाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं, असं तो बायकोला सांगतो ते थेट अखेरच्या भागात. आजी असती तर तिने हे पाचव्याच भागात सांगितलं असतं.

खण पाडायला माझी हरकत नाही. भाचीशी वाद घालायचा म्हणून मी ती मालिका एरवी पाहिली नसती इतक्या बारकाईने पाहिली. तुम्हीही पाहणार असाल तर एवढंच करा. अक्षरं, आकडे, गण, काय ते ठरवण्याआधी पहिल्या सीझनचा पाचवा भाग पाहून घ्या.