पैनगंगेकाठचा हरभरा आणि रंगीत टोस्ट

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवडा मागे टाकून दक्षिणेकडे निघाला की पैनगंगेचा पूल लागतो. पुलाच्या उत्तरेस यवतमाळ जिल्हा, दक्षिणेस आदिलाबाद. पूल ओलांडताच पाट्यांवरील लिपी बदलते, दुकानांची नावे बदलतात, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवरही तेलुगू अक्षरे दिसू लागतात. जमीन मात्र बदलत नाही. तीच काळी, भेगाळणारी, पावसाचे पाणी पोटात धरून ठेवणारी माती दोन्ही तीरांवर पसरलेली आहे. मातीला राज्याची सीमा ठाऊक नसते, आणि त्या मातीत जे पिकते त्यालाही नसते.

आपल्यापैकी पुष्कळांची आजोळे या नदीच्या दोन्ही काठांवर आहेत, म्हणून हा इतिहास थोडक्यात सांगणे अप्रस्तुत होणार नाही. नदीच्या दक्षिणेचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली. त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले, तर नांदेड जिल्ह्यातील मुधोळ आदिलाबादकडे आले. पुढे २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले आणि २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे करण्यात आले. आसिफाबादच्या केरामेरी भागातील १४ गावांवर आजही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. नकाशे असे वरचेवर बदलले, परंतु घराघरांतील चुली ज्या जागी होत्या त्याच जागी राहिल्या.

आदिलाबादला जावे ते थंडीत. तेलंगणातील सर्वांत थंड प्रदेशांत या जिल्ह्याची गणना होते. पौषात पहाटे शेकोट्यांभोवती गावे गोळा होतात. ही थंडी रब्बीच्या हरभऱ्याला मानवते. आश्विन-कार्तिकात पेरलेला हरभरा मातीतील ओलाव्यावर आणि दवावर वाढतो. त्याच्या पानांवर पहाटे जी आंबट ओल साचते तिला आपण ‘आंब’ म्हणतो. पूर्वी बायाबापड्या झुंजुमुंजू असतानाच स्वच्छ धुतलेले फडके पिकावर पसरून ती आंब टिपून घेत आणि पिळून बाटलीत भरून ठेवीत. पोटदुखीवरचा तो घरगुती उपाय असे. पुढे घाटे भरले की बाजारात डहाळ्यांच्या जुड्या येतात. कोवळे सोलाणे, शेतातच जाळावर भाजलेला हुळा, आणि फाल्गुनात बाजार समितीच्या आवारातील पोती! कापसाच्या गाड्यांची वर्दळ ओसरू लागते तेव्हा या धान्याची पाळी येते.

हरभऱ्याचा जोडीदार तीळ. संक्रांतीचा तिळगूळ आपल्याला परका नाही, परंतु आदिलाबादच्या डोंगराळ भागात तिळाचे माहात्म्य त्याहून मोठे आहे. नारनूर येथे पौष पौर्णिमेच्या सुमारास खामदेवाची जत्रा भरते. तेथे थोडसम कुळातील एक स्त्री देवापुढे तिळाचे तेल प्राशन करते. ते थोडेथोडके नव्हे, तर दोन-अडीच किलो असते. कुळाच्या आणि शेतीच्या कल्याणासाठी ती हे व्रत लागोपाठ तीन वर्षे पाळते. त्यानंतर येणाऱ्या पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळील केसलापूर येथे मेस्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते. त्यासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणले जाते. या जत्रांना गोंड बांधवांबरोबर मराठी आणि तेलुगू माणसेही लोटतात. ज्याला आपण ‘आपला’ तीळ म्हणतो, तो येथे किती जणांचा आहे हे तेव्हा कळते.

आता मूळ विषयाकडे वळते. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या सकाळची न्याहारी म्हणजे ज्वारीची भाकरी आणि झुणका. मुलांच्या डब्यातही तेच जाई. पण मुले तेलुगू आणि इंग्रजी शाळांत जाऊ लागली, आणि एके दिवशी डबा जसाच्या तसा परत आला. “भाकरी नको, सगळे बघतात,” एवढेच उत्तर मिळाले. वरवर पाहता गोष्ट क्षुल्लक, पण घरातील वडीलधाऱ्या बाईंच्या ती जिव्हारी लागली. ज्या अन्नावर चार पिढ्या पोसल्या, त्याची लाज मुलाला वाटावी? रागावून मुले भाकरी खात नाहीत, आणि खाल्लीच तरी ती अंगी लागत नाही.

वाट अनपेक्षित ठिकाणाहून सापडली. उत्तर तेलंगणातून हजारो माणसे आखाती देशांत कामाला जातात. आमच्या शेजारचा एक मुलगा अशीच काही वर्षे काढून परतला. त्याने एकदा तिकडची ‘हम्मस’ नावाची चटणी करून ब्रेडच्या टोस्टवर लावून वाढली. मुलांनी ताटे पुसून घेतली. आणि आमच्या बाईंनी बोट चाखून निकाल दिला, “अरे, हा तर हरभरा! आणि यात तीळ आहे.”

बाईंचे निदान अचूक होते. अरबी भाषेत ‘हुम्मुस’ या शब्दाचा अर्थच मुळी हरभरा असा आहे. भाजलेल्या तिळाच्या वाटणाला ते ‘तहिना’ म्हणतात. हरभऱ्याच्या थंड, आंबट वाटणाच्या कृती मध्ययुगीन अरबी पाकग्रंथांतही आढळतात. हरभऱ्याची पहिली लागवड सुमारे १० हजार वर्षांपूर्वी आजच्या आग्नेय तुर्कस्तानाच्या परिसरात झाली असे शास्त्रज्ञ मानतात. तेथून तो पूर्वेला आपल्याकडे आला आणि येथलाच होऊन गेला. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था ज्वारीबरोबर याच हरभऱ्यावर संशोधन करते. तेव्हा पाहुणा म्हणून आलेला हा पदार्थ नात्यातलाच निघाला.

कृती अगदी साधी आहे. एक वाटी काबुली हरभरा रात्रभर भिजवावा. सकाळी पाणी बदलून, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून, बोटाने सहज चिरडेल इतका मऊ शिजवावा. शिजवलेले पाणी फेकू नये. पाव वाटी पांढरे तीळ मंद आचेवर भाजावेत. ते तांबूस होऊ देऊ नयेत, कडवटपणा येतो. गार झाल्यावर दोन चमचे तेल घालून त्यांचे गुळगुळीत वाटण करावे. तिकडे ऑलिव्हचे तेल वापरतात. आपल्याकडे घाण्याचे तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल उत्तम. लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून एका लिंबाच्या रसात दहा मिनिटे ठेवाव्यात, म्हणजे कच्च्या लसणाचा उग्रपणा जातो. मग हरभरा, तीळ, लसूण-लिंबू, मीठ आणि अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड एकत्र करून, लागेल तसे राखून ठेवलेले पाणी घालीत लोण्यासारखे वाटावे.

या वाटणाचे चार भाग करावेत. एक तसाच पांढरा ठेवावा. दुसऱ्यात उकडलेल्या बिटाचा तुकडा वाटावा, तो गुलाबी होतो. तिसऱ्यात भाजलेले गाजर व चिमूटभर हळद घातली की केशरी रंग येतो. चौथ्यात उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळलेला पालक घालावा. घाट्यांचा हंगाम असेल तर वाफवलेले सोलाणे घालावेत, त्याची चव निराळीच. भाज्यांना पाणी सुटते, म्हणून रंगीत भाग मुळातच घट्ट ठेवावेत. ब्रेडचे काप तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजून, खाण्याच्या वेळीच त्यांवर वाटण पसरावे आणि वर काकडी, टोमॅटो, गाजराचा कीस, भोपळी मिरची, कांदा, कोथिंबीर मांडावी. आधी लावून ठेवल्यास टोस्ट मऊ पडतो. डब्यात द्यायचे तर वाटण वेगळ्या डबीत द्यावे.

खरी गंमत पुढे झाली. एका सकाळी घरात ब्रेड नव्हता. बाईंनी आदल्या रात्रीच्या ज्वारीच्या भाकरीचे त्रिकोणी तुकडे करून तव्यावर कुरकुरीत भाजले आणि त्यांवर गुलाबी, हिरवे, केशरी वाटण लावले. डबा रिकामा परत आला. शिवाय वर्गातील दोघा मित्रांची मागणीही आली. भाकरी तीच होती. तिच्याकडे पाहण्याची मुलाची नजर बदलली होती.

मुलांना डब्यात काय द्यावे, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. या गावी राहणाऱ्या मराठी मुलाला हरभरा तेलुगूत ‘शनगलु’ म्हणून ठाऊक असतो, तीळ ‘नुव्वुलु’ म्हणून. ती भाषाही त्याची आहे आणि ती त्याने चांगली शिकावी. पण घाटे, डहाळे, सोलाणे, हुळा, आंब हे शब्द त्याला शाळेत कोणी शिकवणार नाही. ते त्याला फक्त घरात, घाटे सोलताना, कोणाच्या तरी मांडीशी बसूनच मिळतील. पदार्थ ताटातून गेला की त्याचा शब्दही ओठांवरून जातो. आणि परभाषिक राज्यात राहणाऱ्यांची भाषा बहुधा अशीच, एकेका शब्दाने, गाजावाजा न होता कमी होत जाते.

म्हणून वाचकभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांनी नव्या पदार्थाचा हट्ट धरला तर त्याला घरात येऊ द्यावे, मात्र वाटण करताना मुलांना जवळ बसवावे आणि हातातील प्रत्येक जिनसाचे नाव आपल्या भाषेत सांगावे. अरबांनी त्या वाटणाला हरभऱ्याचेच नाव दिले. आपणही त्याला निःसंकोचपणे हरभऱ्याची चटणी म्हणावे.